वडिलांनी बोलावलं म्हणून : शिंजी इकारीच्या स्वभावामागचा इतिहास

४ ऑक्टोबर १९९५ रोजी टीव्ही टोकियोवर 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' ही अ‍ॅनिमेशन मालिका सुरू झाली. पहिल्याच भागात चौदा वर्षांच्या शिंजी इकारीला त्याचे वडील गेंदो बोलावून घेतात. बापलेकांची तीन वर्षांत गाठ पडलेली नाही. जमिनीखालच्या तळावर नेऊन त्याला 'इव्हा' नावाचं एक अवाढव्य यंत्र दाखवतात आणि सांगतात की यात बस, वर शहरात शिरलेल्या शत्रूशी लढ. शिंजी म्हणतो, मला जमणार नाही. गेंदो समजूत वगैरे काढत बसत नाहीत. बँडेजमध्ये गुंडाळलेली जखमी रेई अयानामी स्ट्रेचरवरून आणली जाते. तू नाही बसलास तर ही बसेल. सावरताना तिचं रक्त शिंजीच्या हाताला लागतं आणि तो होकार देतो.

या मुलाला आजवर रडका, पळपुटा, नेभळट अशी सगळी विशेषणं लावून झाली आहेत. ती अगदीच खोटी नाहीत. पण मुलगा, यंत्र आणि ते यंत्र देणारा बाप हे त्रिकूट शिंजीच्या आधी तीस वर्षं जपानी टीव्हीवर नांदत होतं. त्या रांगेत त्याला उभं केलं की त्याच्या स्वभावातली खोट कुठून आली ते दिसू लागतं.

१९६३ साली पडद्यावर आलेल्या 'तेत्सुजिन २८' मधला लोहमानव हे युद्धकाळात सैन्यासाठी आखलेलं हत्यार. त्यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचा मुलगा शोतारो हातात रिमोट घेऊन ते चालवतो. १९७२ च्या 'माझिंगर झेड' मध्ये गो नागाई यांनी नायकाला थेट यंत्राच्या डोक्यातच बसवलं. कोजी काबुतोला तो रोबोट त्याचे आजोबा मरता मरता देऊन जातात. या शक्तीने तू देव होशील किंवा सैतान, असं ते बजावतातही, पण कोजी काही त्यावर झोप घालवत नाही. वाडवडिलांनी दिलेलं यंत्र ही इस्टेट होती. मुलाने ती आनंदाने स्वीकारायची आणि खलनायकाला बडवायचं. कशासाठी, हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं, आणि प्रायोजक खेळण्यांच्या कंपन्यांना तर तो नकोच होता.

तो प्रश्न विचारला योशियुकी तोमिनो यांच्या 'मोबाइल सूट गंडाम' ने, एप्रिल १९७९ मध्ये. (मराठी घरांतली मुलं ज्या नोबिताला ओळखतात त्याची टीव्ही आसाहीवरची 'डोरेमॉन' मालिका याच महिन्यात सुरू झाली. त्या वसंतात जपानी टीव्हीला रडक्या मुलांचा सुकाळच झाला म्हणायचा.) पंधरा वर्षांचा आमुरो रे हा घरकोंबडा, यंत्रं उघडून जोडण्यात रमणारा मुलगा. हल्ला होतो तेव्हा वडिलांच्या प्रकल्पाची माहितीपुस्तिका त्याच्या हाती लागते आणि तो गंडाममध्ये चढतो. पुढे युद्धाला कंटाळून तो लढायला नकार देतो, तेव्हा त्याच्याहून थोडाच मोठा असलेला कप्तान ब्राइट त्याच्या कानाखाली वाजवतो. माझ्या बाबांनीसुद्धा मला कधी मारलं नाही, असं आमुरो ओरडतो. हा प्रसंग जपानमध्ये आजही विडंबनासाठी वापरला जातो. नंतर तो गंडाम घेऊन चक्क पळूनही जातो.

मला मात्र त्या थपडेपेक्षा पुढचा एक प्रसंग महत्त्वाचा वाटतो. बेपत्ता झालेले वडील आमुरोला पुन्हा भेटतात. अवकाशात प्राणवायू कमी पडून त्यांच्या मेंदूला इजा झालेली असते. गंडामला जोड, ताकद वाढेल, म्हणून ते मोठ्या उत्साहाने त्याच्या हातात एक सुटा भाग देतात. तो कधीच कालबाह्य झालेला असतो. आमुरो तो घेतो आणि निघाल्यावर फेकून देतो. वाडवडिलांच्या देणगीवरचा विश्वास तिथे संपला. त्या वेळी हे फारसं कोणी पाहिलं नाही. प्रेक्षकसंख्या कमी पडली, खेळणी खपेनात, आणि ५२ भागांची योजना ४३ भागांत गुंडाळावी लागली. मालिकेला खरी लोकप्रियता मिळाली ती पुनःप्रक्षेपणं, १९८० पासूनची बांदाई या खेळणी कंपनीची प्लास्टिक मॉडेल्स आणि नंतरचे चित्रपट यांमुळे.

'इव्हँजेलियन' चे दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांचा जन्म १९६० चा, यामागुची प्रांतातल्या उबे गावचा. 'अल्ट्रामॅन' ही महाकाय नायकाची मालिका आणि तोमिनोंच्या मालिका पाहत वाढलेली ही पिढी. अल्ट्रामॅनला पृथ्वीवर लढायला तीन मिनिटं मिळत. वीज पुरवणारी तार तुटली की इव्हा बॅटरीवर पाच मिनिटं चालतो, हे त्याच प्रेमातून आलेलं. एनएचके वाहिनीवरची त्यांची 'नादिया' ही मालिका १९९१ मध्ये संपल्यावर आन्नो खोल नैराश्यात गेले. नवी मालिका सुरू होण्याआधी त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की चार वर्षं आपण काहीही करू शकलो नाही, फक्त मेलो नव्हतो एवढंच. आन्नोंच्या मनात आधी नायिका होती. पण त्यांच्या आधीच्या दोन्ही मालिकांत मुलगीच मध्यवर्ती होती, म्हणून पात्रांचे आरेखनकार योशियुकी सादामोतो यांच्या सांगण्यावरून या वेळी मुलगा आला. त्या मूळ मुलीचा चेहरा पुढे मालिकेतल्या आसुका या दुसऱ्या इव्हाचालक मुलीला मिळाला.

जानेवारी १९९५ मधला कोबेचा भूकंप आणि मार्चमधला टोकियो भुयारी रेल्वेवरचा सारिन वायूचा हल्ला यांच्याशी शिंजीचं नातं जोडायची पद्धत आहे. प्रेक्षकांनी मालिका कोणत्या मनःस्थितीत पाहिली हे त्यातून कळतं, यात शंका नाही. पण आखणी १९९३ पासूनच चालू होती. शिंजीचा उगम तिथे शोधू नये.

आता त्याच्या दोषाकडे वळू. शिंजी पळतो म्हणतात, पण २६ भागांत तो जितका पळतो त्याहून कितीतरी जास्त वेळा सांगितलेलं मुकाट्याने करतो. 'पळायचं नाही' हे वाक्य तो एखाद्या जपासारखं घोकतो. बाराव्या भागात मोहीम फत्ते होते, गेंदो रेडिओवरून कोरडी शाबासकी देतात, आणि शिंजी त्याची वरिष्ठ अधिकारी मिसातो हिला सांगतो की कदाचित हे ऐकायलाच मी यात बसत असेन. आमुरोने वडिलांची देणगी फेकून दिली होती. शिंजीला देणगी मिळतच नाही, कामाच्या बदल्यात आपुलकी मिळेल अशी नुसती आशा मिळते. त्याचा खरा दोष भित्रेपणापेक्षा हा लाचार आज्ञाधारकपणा आहे. अठराव्या भागात समोरच्या इव्हात माणूस आहे म्हणून तो पहिल्यांदा ठाम नकार देतो. गेंदो यंत्राचा ताबा दूरवरून काढून घेतात आणि शिंजीच्याच इव्हाच्या हातून त्या इव्हाच्या चिंधड्या उडवतात. आत त्याचा वर्गमित्र तोजी असतो.

शेवटचे दोन भाग जवळजवळ पूर्ण शिंजीच्या डोक्यात घडतात. लढाईचा निकाल पाहायला बसलेले चाहते संतापले. जुलै १९९७ च्या चित्रपटात बाहेर काय घडलं ते दिसलं, आणि तिथला शिंजी आणखीच असह्य निघाला. आन्नोंनी मग २००७ पासून स्वतःच्या 'खारा' स्टुडिओतून चार नवे चित्रपट काढले. आपल्याकडे बऱ्याच जणांनी मूळ मालिका २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर पाहिली, त्यामुळे दोन वर्षांनी आलेला शेवटचा चित्रपट त्यांच्यापर्यंत लगेचच पोचला.

त्या २०२१ च्या चित्रपटात बापलेक अखेर समोरासमोर येतात आणि बोलू लागतात ते गेंदो. माणसांची भीती वाटायची, गर्दी नको वाटायची, कानात संगीत घातलं की जग बाहेर राहायचं. मालिकाभर शिंजीच्या कानांत वाजत राहिलेला तो टेप प्लेयर मुळात त्यांचाच. मेगुमी ओगाता यांनी पंचवीस वर्षं ज्याला आवाज दिला त्या मुलाला इथे नवीन काही करावं लागत नाही. वडिलांचं बोलणं तो पूर्ण ऐकून घेतो आणि मग जे काही करतो ते त्यांच्या शाबासकीची वाट न पाहता करतो.