चढावरचं डांबर किती वाहतं?

पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात भरलेले मालट्रक खालच्या गिअरमध्ये रांगत चढतात. सांगलीच्या ऊसपट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर त्याहून संथ. रस्त्याला चाकोऱ्या पडल्या की आपण वजनाला दोष देतो. पण डांबराच्या दृष्टीने संथ चाल हीसुद्धा तेवढीच मोठी शिक्षा आहे.

डांबर तापलं की पातळ होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. किती, ते थक्क करणारं आहे. हवा चाळिशीला पोचली की रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या घरात जातो. त्या तापमानाला ‘व्हीजी-३०’ या प्रतीच्या डांबराची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, किमान २४०० पॉइज (श्यानता मोजायचं एकक) असावी लागते. पाण्याच्या लाखो पट! तेच डांबर १३५ अंशांवर नेलं की काही पॉइजवर उतरतं. म्हणून तर ते खडीत कालवता येतं.

या डांबरात एसबीएस नावाचं रबरासारखं पॉलिमर काही टक्के मिसळलं, की ते डांबरातला तेलकट अंश शोषून फुगतं आणि आतून जाळं विणतं. साधारण १०० अंशांच्या पुढे या जाळ्याच्या गाठी सैल होतात. त्यामुळे उन्हात टिकणारं हे डांबर प्लांटमध्ये मात्र पंपाने ओढता येतं.

डांबराच्या या वागण्याची मोजणी पाहण्यासारखी असते. २५ मिलिमीटर व्यासाच्या दोन चकत्यांमध्ये एक मिलिमीटर जाडीचा डांबराचा थर. खालची चकती स्थिर, वरची किंचित मागेपुढे फिरते. डांबर किती विरोध करतं आणि चकतीच्या ताणाला प्रतिसाद द्यायला किती मागे पडतं, हे यंत्र नोंदवतं. मग तापमान सहा-सहा अंशांनी चढवायचं: ६४, ७०, ७६. साधं डांबर या टप्प्यांवर जवळपास निव्वळ द्रव होतं. पॉलिमरवाल्यात थोडी लवचीकता उरते.

चकती सावकाश फिरवली, की त्याच तापमानाला तेच डांबर मऊ वाटतं. वेळ जास्त मिळाला की ते जास्त वाहतं. रांगता ट्रक नेमका हा वेळ देतो.

यासाठी आणखी एक चाचणी आहे: एक सेकंद ताण, नऊ सेकंद विसावा, असं पुन्हा पुन्हा. विसाव्यात डांबर किती मागे येतं, ते पाहायचं. डांबर कोणत्या तापमानाला मऊ पडतं एवढाच आकडा तपासण्यापेक्षा ऊसवाहतुकीच्या आणि घाटातल्या रस्त्यांसाठी ही चाचणी आग्रहाने मागायला हवी, असं माझं ठाम मत आहे.