रिकामा कप्पाच सांगतो पुढचा रिकामा कप्पा

‘पायथॉन हळू चालतंय? रॅम वाढव.’ पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या मुलांना हा सल्ला सर्रास मिळतो. पण रॅम भरपूर असली, तरी प्रोग्रॅमचा ती मागण्यात आणि परत करण्यात वेळ जातोच, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पायथॉनमध्ये १००० हा साधा आकडासुद्धा एक स्वतंत्र वस्तू असते. ६४-बिट संगणकावर ती २८ बाइट खाते. (-५ ते २५६ हे आकडे मात्र आधीच तयार असतात.) लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) फिरू लागला की अशा वस्तू लाखोंनी बनतात आणि लगेच टाकूनही दिल्या जातात. प्रत्येकीसाठी सी भाषेच्या ‘मॅलॉक’कडे, म्हणजे मेमरी मागायच्या फंक्शनकडे, जाणं म्हणजे चमचाभर साखरेसाठी दर वेळी वाण्याकडे पळणं. मॅलॉकला वाटेल त्या मापाचं गिऱ्हाईक सांभाळायचं असतं, त्यामुळे त्याचा हिशेब मोठा.

व्लादिमीर मारांगोझोव यांनी लिहिलेला ‘पायमॅलॉक’ म्हणजे घरातला साखरेचा डबा. २००३ च्या पायथॉन २.३ पासून तो आपोआप चालू असतो आणि आता ५१२ बाइटपर्यंतच्या मागण्या पुरवतो. आता तो १ एमबीचा ‘अरीना’ म्हणजे मेमरीचा मोठा तुकडा घेतो, त्याचे १६ केबीचे छोटे तुकडे म्हणजे ‘पूल’ पाडतो, आणि पुलाचे कप्पे करतो. एका पुलात सगळे कप्पे एकाच मापाचे. २८ बाइटची वस्तू ३२ च्या कप्प्यात बसते, आणि असे ५१० कप्पे एका पुलात मावतात.

रिकाम्या कप्प्यांची यादी कुठे ठेवायची? त्याच कप्प्यांत! कप्पा रिकामा झाला की त्याच्याच पहिल्या ८ बाइटांत पुढच्या रिकाम्या कप्प्याचा पत्ता (मेमरीतल्या जागेचा क्रमांक) लिहितात. यादीला वेगळी जागा लागतच नाही. नवी वस्तू आली की पहिला कप्पा द्यायचा आणि त्यातला पत्ता वाचून ठेवायचा, झालं.

वस्तू परत करताना हातात फक्त तिचा पत्ता असतो. मग तिचा पूल कोणता? ४७३२८ चे शेवटचे तीन अंक शून्य केले की ४७००० मिळतात, तसंच इथे. प्रत्येक पूल १६,३८४ च्या पटीतल्या पत्त्यावर सुरू होतो, म्हणून पत्त्याचे शेवटचे १४ बिट (० किंवा १ हे अंक) पुसले, म्हणजे शून्य केले, की थेट पुलाच्या तोंडाशी पोचतो. कप्प्याचं माप तिथेच नोंदलेलं असतं. शोधाशोध नाही, बिट पुसणारी एकच ‘अँड’ क्रिया! मला संगणकशास्त्रातल्या फार थोड्या युक्त्या इतक्या देखण्या वाटतात.

  

पायमॅलॉकची एक अडचण आहे. अरीना परत करायचा तर त्यातले सगळे पूल रिकामे हवेत. एकच २८ बाइटची वस्तू उरली, तरी अख्खा १ एमबी अडकतो. म्हणून नवा पूल हवा असेल तेव्हा तो सर्वांत भरलेल्या अरीनातून घेतात, म्हणजे विरळ अरीना पूर्ण रिकामे होण्याची शक्यता वाढते. तरीही प्रोग्रॅममधली मोठी यादी पुसल्यावर टास्क मॅनेजरमधला मेमरीचा आकडा पुष्कळदा लगेच खाली येत नाही. तेवढ्यावरून प्रोग्रॅममध्ये मेमरी गळते आहे, म्हणजे नको झालेली मेमरी सोडलीच जात नाही, असं ठरवू नका.