सॅटेलाइट जागेवरच आहे, छत्री फिरवू नका
(फ्री डिशच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पावसाळा लागला की दुकानात रोज एकच प्रश्न येतो: "सॅटेलाइट जुना झालाय म्हणे, म्हणून चित्र अडकतंय काय?" आणि हे विचारायला येईपर्यंत घरातल्या कुणीतरी गच्चीवर जाऊन डिशची छत्री फिरवलेली असते. दहा मिनिटांचं काम मग तासाभराचं होतं.

फ्री डिश येतं जीसॅट-१५ या सॅटेलाइटवरून. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो सोडला, आयुष्य १२ वर्षांचं धरलेलं. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्वेला तो असतो. पृथ्वीबरोबरच २३ तास ५६ मिनिटांत फेरी मारतो, म्हणून आपल्याला एका जागी थांबलेला वाटतो. पण चंद्र-सूर्याची ओढ त्याला थांबू देत नाही. मोकळा सोडला तर वर्षाला पाऊण ते एक अंश दक्षिणोत्तर डुलायला लागेल. आपल्याच कर्नाटकातल्या हासनच्या नियंत्रण केंद्रातून छोट्या इंजिनांचे झटके देऊन त्याला साधारण ०.१ अंशाच्या आत धरून ठेवतात. त्यासाठी इंधन जळतं, आणि सॅटेलाइटचं आयुष्य मोजतात ते बहुतेक वेळा याच इंधनावर. वर जाऊन टाकी भरायची सोय नाही.

आता मुद्दा असा, की वय झालं म्हणून सॅटेलाइट टॉर्चच्या सेलसारखा मंद होत जात नाही. टाकी पार कोरडी होईपर्यंतही कुणी थांबत नाही. शेवटचं थोडं इंधन त्याला बाजूला काढायला राखून ठेवतात. याच ९३.५ अंशावर आधी इन्सॅट-४बी होता. मार्च २००७ मध्ये सोडलेला. फ्री डिश त्याच्यावरून जीसॅट-१५ वर आलं, पण जागा तीच राहिल्यामुळं छत्री हलवायचं कारणच नव्हतं, चॅनेल पुन्हा स्कॅन केले की झालं. इन्सॅट-४बी पुढं जानेवारी २०२२ मध्ये सुमारे ३४० किलोमीटर वर ढकलून बंद केला.

सॅटेलाइटवरच बिघाड झाला तर तो देशभर दिसतो. तेव्हा आधी शेजारी विचारा. त्यांचं चालू असेल तर दोष तुमच्या गच्चीवर आहे.

गच्चीवर बहुतेक वेळा सापडतं ते हे: एफ कनेक्टरमध्ये (केबलच्या टोकाच्या जोडणीत) पाणी शिरून तांब्याची तार हिरवी पडलेली. दोन इंच केबल कापून नवा कनेक्टर बसवला की काम झालं. एलएनबीच्या (छत्रीसमोर दांडीवर असलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या) टोपीवर कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. चार वर्षांपूर्वी नसलेली फणसाची फांदी आडवी आलेली. खानापूर भागात माकडं छत्रीवर बसतात, त्यानं नट ढिले होतात. त्याला आमच्याकडंही पक्का इलाज नाही, जाड पाइप आणि जादा क्लॅम्प एवढंच.

फिरवलेल्या छत्रीला जास्त पैसे का, असं काही जण चिडून विचारतात. बेळगावातून हा सॅटेलाइट आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १२८ अंशांवर आणि क्षितिजापासून ६१ अंश उंच आहे. छत्री मात्र तेवढी वर बघतेय असं वाटत नाही, कारण एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. ते बघून माणूस अंदाजानं ढकलतो आणि चुकतो. २ फुटी छत्रीची कड जेमतेम ८ मिलिमीटर सरकली, की निम्मा सिग्नल गेला. त्यात एलएनबीही पिळला असेल तर सिग्नल मोजायचा मीटर लावून सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं. म्हणून बसवतानाच आम्ही नटावरून पाइपपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतो. रेघ जुळलेली असेल तर छत्री हललेली नाही. तिला हात लावू नका.

काळाकुट्ट ढग चढून चित्र गेलं तर पाऊस ओसरेपर्यंत थांबा, आपोआप येतं. मार्चच्या मध्यावर आणि सप्टेंबरअखेरीस काही दिवस सकाळी ११ च्या सुमारास चित्र काही मिनिटं जातं, कारण तेव्हा सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या मागं येतो. यासाठी फोन नको.

जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात २ फुटी छत्री कमीच पडते. तिथं ३ फुटी घ्या, सव्वादोन पट सिग्नल गोळा होतो. जुनी छत्री आम्ही वळती करून घेतो. मिरगाआधी एकदा तपासून घेतलीत तर कनेक्टर, टेप आणि रेघ एकाच फेरीत होतात.

फोन करताना तीन गोष्टी सांगा: शेजाऱ्यांचं चालू आहे का, सेटिंगमध्ये "क्वालिटी" किती दाखवतं ("स्ट्रेंथ" नको, ती छत्री भलतीकडं असली तरी भरलेली दिसते), आणि पिवळी रेघ जुळते का. रेघ जुळत नसेल तर तसंच स्पष्ट सांगा, मीटर बरोबर घेऊन येतो.