कॉर्डलेस नेलगनचे नियम कुठून आले

लातूर, नांदेड, परभणी, जालना, कुठल्याही शहरातल्या नव्या घरात फर्निचरचे काम चालू असेल तर हातोडीपेक्षा नेलगनचा, म्हणजे खिळे मारणाऱ्या यंत्राचाच आवाज जास्त ऐकू येतो. आधी कंप्रेसर आणि नळीवर चालणारी एफ-३० गन आली, आता बॅटरीवरची, म्हणजे कॉर्डलेस, येते आहे. अवजार दुकानातून किंवा ऑनलाइन मागवून साइटवर पोहोचले, पण ते कसे वापरावे याबद्दल सत्तर वर्षांत जमलेले शहाणपण त्या खोक्यातून आले नाही. आले असेल तर इंग्रजी पुस्तिकेत, आणि ती पुस्तिका खोक्यासकट भंगारात जाते. तोंडाशी दबणारी लोखंडी पट्टी कशासाठी आहे, ट्रिगर दोन प्रकारचे का असतात, बॅटरी काढूनच अडकलेला खिळा का सोडवायचा, यातल्या प्रत्येक गोष्टीमागे कुणाची तरी जखम आहे.

मराठवाड्यात सुतारकाम पूर्वापार खिळ्यावर फारसे अवलंबून नव्हते. बलुत्यातला सुतार तिफण, वखर, बैलगाडी बाभळीच्या लाकडाची करायचा. सांधा कुसू आणि भोकाचा, वरून पाचर. मोळे, म्हणजे जाड खिळे, लोहाराकडून ठोकून आणावे लागत, म्हणून ते जपून वापरले जात. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरातले खांब, तुळया, कडीपाटही बरेचसे अशाच सांध्यांवर उभे असत. शिकण्याची रीतही त्या कामातच होती. पोरगं आधी लाकूड धरायला बसायचे, मग रंधा, आणि वाकस, म्हणजे लाकूड तासायचे अवजार, हातात यायचा तो सगळ्यात शेवटी. वाकसाचे पाते पायाच्या जवळून जाते हे पोराला रोज दिसत असे, त्यामुळे पाय कुठे ठेवायचा हे वेगळे शिकवावे लागत नसे. नेलगनमध्ये खिळा सुटतो तो डोळ्याला दिसतच नाही. जुन्या पद्धतीने, नुसते बघून, हे अवजार शिकता येत नाही, आणि अडचणीचे मूळ मला तिथेच दिसते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंती आणि मातीची जड माळवदे माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. त्यानंतर लातूर-धाराशिव भागातली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि माळवदाचे घर लोकांच्या मनातून उतरले. जिथे तिथे सिमेंट-काँक्रीट आले. सुताराचे घराच्या सांगाड्यातले काम संपले. उरले ते सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा), दारे-खिडक्या आणि पुढे प्लायवूडचे फर्निचर. सेंट्रिंगमध्ये खिळा परत उपटायचा असतो, तिथे आजही हातोडीच बरी. प्लायचे काम मात्र वेगळे. पट्टी डिंक लावून जागेवर धरायची आणि पातळ ब्रॅड खिळ्यांनी पक्की करायची, असे शेकडो खिळे एका कपाटात जातात. नेलगन आपल्याकडे रुजली ती इथे. दुसरी वाट कारखान्यांची: छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजसारख्या औद्योगिक पट्ट्यात माल पाठवायला लाकडी पॅलेट आणि खोकी लागतात, आणि हे काम गनशिवाय परवडत नाही.

गनचा जन्म अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे लाकडी घरे झपाट्याने बांधायची होती, आणि जमिनीच्या फळ्या ठोकण्यासाठी हवेच्या दाबावर चालणारी नेलगन १९५० मध्ये बाजारात आली. मिनिटाला चाळीस-साठ खिळे, तेही उभ्याने. त्या वेगाची किंमत दवाखान्यांच्या नोंदींत दिसते. २००१ ते २००५ या काळात अमेरिकेत नेलगनच्या जखमा घेऊन तातडीच्या विभागात येणारे लोक वर्षाला सरासरी ३७,००० होते. घरगुती वापर करणाऱ्यांचा आकडा १९९१ मध्ये सुमारे ४,२०० होता, तो २००५ पर्यंत १४,८०० वर गेला. निम्म्याहून अधिक जखमा हाताच्या आणि बोटांच्या.

इतक्या जखमा का होतात, याचे उत्तर ट्रिगरमध्ये सापडले. गनच्या तोंडाशी असलेली पट्टी लाकडावर दाबली गेल्याशिवाय खिळा सुटू नये, ही पहिली अडसर. पण जुन्या धाटणीच्या ट्रिगरमध्ये बोट दाबून ठेवले तर पट्टी जिथे टेकेल तिथे खिळा सुटतो. कामगार ट्रिगर दाबूनच गन एका जागेवरून दुसरीकडे नेतो, ती मांडीला घासते, गुडघ्याला लागते, शिडीखालच्या माणसाच्या खांद्यावर टेकते, आणि खिळा आत. शिवाय झटक्याने गन उसळून पुन्हा टेकली की दुसरा खिळा आपोआप सुटतो. क्रमवार ट्रिगरमध्ये असे होत नाही: आधी पट्टी दाबायची, मग ट्रिगर, एकच खिळा, पुढच्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेत शिकाऊ सुतारांवर अभ्यास झाला तेव्हा जुन्या ट्रिगरने जखमेचा धोका जवळपास दुप्पट निघाला. २०११ मध्ये तिथल्या सरकारी कामगार-सुरक्षा संस्थांनी ठेकेदारांसाठी मार्गदर्शिका काढली आणि पूर्ण क्रमवार ट्रिगरच घ्या असे सांगितले. आपल्याकडे गन घेताना दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच असायला हवा. किंमत नंतर. अनेक गनवर दोन्ही पद्धतींमध्ये बदलायची कळ असते. ती कुठे आहे हे हेल्परलाही माहीत पाहिजे.

नळी तोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८६ चा. पासलोड कंपनीने गॅसच्या छोट्या डब्यावर चालणारी गन आणली. आत गॅसचा लहानसा स्फोट होतो, बॅटरी फक्त ठिणगी आणि पंख्यापुरती. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, २००५ च्या सुमारास ती हातातल्या मोठ्या अवजारांत शिरली, आणि पुढे गॅसशिवाय निव्वळ बॅटरीवर खिळा मारणाऱ्या गन निघाल्या. काहींमध्ये मोटर एक जड चाक फिरवते आणि ते चाक खिळा ढकलते. काहींमध्ये बंद नळकांड्यात हवा किंवा नायट्रोजन दाबून ठेवलेला असतो. मोटर दट्ट्या मागे ओढते आणि तो सुटतो.

मराठवाड्याला ही सोय का हवीहवीशी वाटते हे वेगळे सांगायला नको. भारनियमनाची वर्षे ज्यांनी काढली त्यांना कंप्रेसर बंद पडून बसलेली साइट आठवते. शेतातल्या घराचे काम असेल तर आजही सिंगल फेजचा भरवसा नसतो.

पण नळीबरोबर एक खूणही गेली. नळी काढलेली लांबून दिसते. गन मेली आहे हे कुणालाही कळते. बॅटरी आत आहे की बाहेर हे पटकन ध्यानात येत नाही, आणि कॉर्डलेस गन टेबलावर, गाडीत, पोरांच्या हाताशी, कुठेही तयार स्थितीत पडलेली असते. कॉर्डलेस गनचा सगळ्यात मोठा नवा धोका मला हाच वाटतो. म्हणून जेवायला उठताना, शिडी चढताना, खिळे भरताना आणि अडकलेला खिळा काढताना बॅटरी बाहेर. दाबलेल्या नळकांड्याच्या गनमध्ये बॅटरी काढल्यावरही दट्ट्यामागे जोर शिल्लक असू शकतो, त्यामुळे तोंड उघडताना ते अंगाकडे नको. गॅसचे डबे ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका असे डब्यावरच लिहिलेले असते. परभणीच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी याहून सहज जास्त तापते. बॅटऱ्याही तिथे ठेवू नयेत.

क्रमवार ट्रिगर सगळे वाचवत नाही. प्लायच्या कडेत मारलेला खिळा वाकून बाजूने बाहेर येतो, म्हणून धरलेला हात किमान एक फूट लांब हवा. बाभळीच्या गाठीवर खिळा वळतो. आणि जुना वाडा उतरवून विकत घेतलेल्या सागाच्या तुळया फाडून फर्निचर करताना त्यांच्या आत लोहाराचे जुने मोळे राहिलेले असतात. गनचा खिळा त्यावर आपटला तर कुठे जाईल सांगता येत नाही. अशा लाकडावर आधी चुंबक फिरवावे, आणि डोळ्याला चष्मा नेहमीच. काँक्रीटमध्ये मारायची एसटी-६४ आणि छताच्या कामाची बंदुकीच्या दारूच्या टोपीवर चालणारी सीलिंग गन ही वेगळी जात आहे. प्लायच्या गनच्या सवयीने त्या हाताळू नयेत.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा कामांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्यांना बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करता येते. विश्वकर्माच्या प्रशिक्षणात विजेची आणि बॅटरीची अवजारे हाताळायची वेळ आली की ट्रिगरचे दोन प्रकार प्रत्यक्ष उघडून दाखवावेत, आणि अर्धा दिवस त्यावरच जावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. ठेकेदाराने नव्या हेल्परला पहिला आठवडा फक्त क्रमवार ट्रिगरवर ठेवावे.

खिळा हातात घुसलाच तर साइटवर पक्कड लावून उपटू नये. काही खिळ्यांना काटे असतात, खिळ्यांच्या पट्टीचा कागद, प्लास्टिक किंवा तार आत जाते, आणि बाहेरून बारीक दिसणाऱ्या जखमेखाली शीर, सांधा किंवा हाड दुखावलेले असू शकते. हात हलू न देता स्वच्छ कापडाने आधार द्यावा, त्याच पट्टीतला एक न वापरलेला खिळा खिशात घालून डॉक्टरांना दाखवावा, आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते सांगावे.