ठसेकामाचे बहुधातू दागिने

ठसेकामाचे बहुधातू दागिने : तांबे, पितळ, चांदी अशा निरनिराळ्या धातूंचे पत्रे आणि तारा एकाच दागिन्यात आणून, पोलादी ठशांनी त्यांवर हाताने नक्षी उमटवून व काचेचे मणी गुंफून घडवलेले दागिने. यात धातू वितळवून एकजीव केलेले नसतात, त्यामुळे हे मिश्रधातूचे दागिने नव्हेत. प्रत्येक धातूचा रंग वेगळा दिसावा, हाच या घडणीचा हेतू. दोन धातूंची अशी जोडी आपल्याकडे गंगाजमनी म्हणून ओळखली जाते.

धातूंचे रंग शेजारी मांडण्याची कला अनेक ठिकाणी वाढली. जपानमध्ये धातूंचे थर एकमेकांवर जोडून लाकडाच्या रेषांसारखी नक्षी काढणारे ‘मोकुमे-गाने’ तंत्र अकिता येथील शोआमी देन्बेई (१६५१–१७२८) याच्या नावाने ओळखले जाते. मेक्सिकोत तास्को येथील कास्तिल्यो बंधूंच्या कार्यशाळेने विसाव्या शतकाच्या मध्यास तांबे, पितळ व चांदीचे तुकडे सांधून केलेले दागिने नावारूपाला आणले. ठसेकामाचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील नावाहो लोकांचे. एकोणिसाव्या शतकात ते मेक्सिकन कारागिरांकडून चांदीकाम शिकले आणि चामड्यावर नक्षी उठवणाऱ्या ठशांची रीत त्यांनी चांदीवर आणली. महाराष्ट्रातली पुतळ्यांची माळ किंवा कोल्हापुरी साजाची पानेही ठशाचीच. पण तेथे पातळ पत्रा साच्यात दाबून पूर्ण आकार एकदम उठवतात. प्रस्तुत प्रकारात एकेक छोटा ठसा ठोकत नक्षी रचली जाते, आणि कारागिराचा हात त्यातच ओळखू येतो.

ठसा म्हणजे बोटभर लांबीची पोलादी कांडी. पुष्कळ कारागीर ती स्वतः घडवतात. पोलाद तापवून सावकाश निवू देतात, म्हणजे ते कानशीला दाद देते. टोकावर चंद्रकोर, पाकळी, ठिपका असा आकार कोरून झाला, की टोक लालबुंद तापवून तेलात बुडवतात. त्याने पोलाद कठीण होते, पण ठिसूळही होते. हातोडीखाली त्याची कपची उडू शकते. म्हणून ते घासून पुन्हा मंद आचेवर, गवती पिवळा रंग चढेपर्यंत, म्हणजे सुमारे २२०–२३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. या साऱ्याला हत्याराला पाणी देणे म्हणतात. चंद्रकोरीच्या एकाच ठशाने, तो फिरवत ठोकला तर, लाट, फूल, खवले आणि दोरीचा पीळ असे सगळे उमटते. मोजक्या ठशांत एवढी विविधता काढणे हेच या कलेतले खरे कौशल्य आहे.

पत्रा साधारण ०.६ ते १ मिलिमीटर जाडीचा घेतात. आधी तो मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करतात, कारण ठोकताना धातू ताठ होत जातो आणि फार ताठला की तडकतो. पत्रा ऐरणीवर सपाट ठेवून ठसा उभा धरतात व शक्यतो एकाच घावात उमटवतात. दुसऱ्या घावाला ठसा तसूभर जरी सरकला तरी नक्षी दुहेरी दिसते. ठोकल्याने पत्रा पसरतो आणि वाकतो. त्यामुळे नक्षी आधी व बाहेरचा आकार कापणे नंतर, हा क्रम बहुधा पाळला जातो.

खरी परीक्षा सांध्यात असते. चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबे १०८५ अंशांना. पण दोन्ही एकमेकांना टेकलेले असतील तर सांध्याशी ७८० अंशांच्या आसपासच द्रव तयार होऊ लागतो आणि घडलेली नक्षी बघता बघता बुडते. म्हणून झाळकाम, म्हणजे तापवून सांधणे, त्याहून कमी तापमानात वितळणाऱ्या डागाने (सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूने), टाकणखार (बोरॅक्स) लावून करतात. पितळ जास्त तापले तर त्यातले जस्त उडून जाते व पृष्ठभागावर खड्डे पडतात. झाळल्यावर दागिना सौम्य आम्लात टाकून काळपटपणा काढतात. त्यात लोखंडी चिमटा बुडाला तर आम्लात उतरलेले तांबे चांदीवर चढून ती गुलाबी पडते, म्हणून चिमटा तांब्याचा वापरतात. हा सगळा विस्तव टाळायचा तर तारेच्या तुकड्याची मेख दोन्ही पत्र्यांतून घालून तिची टोके ठोकून पसरवतात. मेखेचा रंग पत्र्याहून वेगळा ठेवला तर सांधाच नक्षी होतो. प्रस्तुत लेखकाला ही रीत झाळकामापेक्षा अधिक देखणी वाटते.

गंधकयुक्त क्षाराच्या द्रावणात तांबे व चांदी काळवंडतात, पितळेवर मात्र फारसा परिणाम होत नाही. वरचा भाग घासून उजळला, की काळेपणा खोलगट खुणांत उरतो आणि नक्षी स्पष्ट वाचता येते.

काचेचे मणी सर्वांत शेवटी. आच, आम्ल आणि पॉलिशची पूड यांपैकी काहीच त्यांना सोसत नाही. भारतात काचमण्यांची परंपरा जुनी आहे. तेर आणि नेवासे येथील उत्खननांत सातवाहनकाळातील काचमणी सापडले आहेत. आज उत्तर प्रदेशातील पुर्दिलपूर येथे ज्योतीवर काच वितळवून, ती तारेभोवती गुंडाळून मणी करतात. आंध्र प्रदेशातील पापानायडूपेट येथे काचेची लांब नळी ओढून तिचे तुकडे पाडतात. मण्याच्या भोकाची कड धारदार असते व दोरा कापते. त्यामुळे मणी तारेत गुंफणे टिकाऊ ठरते. मंगळसूत्रातली काळी पोतही अनेकदा अशीच तारेत गाठवून घेतात.

तांब्या-पितळेने त्वचेवर हिरवट डाग पडतो. तो धुतल्याने जातो. जर्मन सिल्व्हरची गोष्ट वेगळी. त्यात चांदी अजिबात नसते, तांबे, जस्त व निकेल असते, आणि निकेलने अनेकांना खाज व पुरळ येते. युरोपीय संघाने त्वचेला लागणाऱ्या दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली आहे. कानातल्यांची तार म्हणूनच चांदीची ठेवतात. असे दागिने चिंचेने किंवा लिंबाने घासू नयेत. खाचांतला मुद्दाम ठेवलेला काळेपणाही त्याने निघून जातो. मऊ कोरड्या कापडाने पुसणे पुरते.