लुओ हान ग्वोचा चहा आणि घशाचा संसर्ग
लुओ हान ग्वो या चिनी फळाचा चहा प्यायला की घशाचा संसर्ग जातो, औषध लागत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

दक्षिण चीनमधल्या ग्वेइलिन परिसरातल्या या फळाचं नाव अर्हतांवरून पडलं, 'लुओ हान' म्हणजे बौद्ध धर्मातले अर्हत. शब्द आपल्या ओळखीचाच. वाळलेलं तपकिरी फळ हाताने फोडायचं, साल-गर-बियांसकट लिटरभर पाण्यात अर्धा तास मंद आचेवर उकळायचं, गाळायचं. साखर मुळीच नको, कारण यातली मोग्रोसाइड्स, म्हणजे फळातले गोड घटक, साखरेपेक्षा शेकडो पट गोड असतात. कोमट घोटांनी खवखवणारा घसा ओलावतो, आणि तो आराम खराच असतो.

पण स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचा संसर्ग त्याने बरा होत नाही, त्याला अँटिबायोटिक लागतं. मुलाला ताप असेल, गिळताना खूप दुखत असेल, तर कृपया चहावर दिवस काढू नका.