शब्बाथ आणि ॲम्ब्युलन्सची परतफेरी

शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस; त्यात अग्नी पेटवणं, लिहिणं, ओझं वाहणं अशी कामं निषिद्ध. मग शुक्रवारी सूर्यास्तानंतर शेजाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला, तर धर्म पाळणाऱ्या ज्यूने फोन उचलावा का, गाडी काढावी का, हा प्रश्न ज्यू धर्मशास्त्राने फार पूर्वी निकालात काढला आहे. उचलावा, काढावी आणि रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारत बसू नये. सोळाव्या शतकातल्या शुल्हान आरूख या संहितेत तर अशा वेळी विचारत बसणारा रक्त सांडतो असं स्वच्छ म्हटलंय. तरीही ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटल, पोलीस, अग्निशमन अशा नोकऱ्या धरणाऱ्या धार्मिक ज्यूंचे पेच संपलेले नाहीत. जीव वाचवणं हा ड्यूटीचा एक भाग झाला. बाकी वेळात नोंदी असतात, गस्त असते, आणि काम आटोपलं की घरी जायचं असतं.

सुरुवात युद्धातून झाली. इसवी सनापूर्वी 167च्या सुमारास ग्रीक सत्तेविरुद्ध ज्यूंचा उठाव झाला, तेव्हा वाळवंटातल्या गुहांत लपलेल्या भाविकांनी शब्बाथला शस्त्र उचलायला नकार दिला आणि सुमारे हजार माणसं मारली गेली. उठावाच्या पुढाऱ्यांनी लगेच ठरवलं, शब्बाथला हल्ला झाला तर लढायचं. पुढे मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहाने जीवाच्या नुसत्या शंकेनेही शब्बाथ बाजूला सरतो असा नियम घालून दिला, आणि बाराव्या शतकात मायमोनिडीस या धर्मशास्त्रकाराने हे काम परधर्मीयांवर किंवा मुलांवर न ढकलता जाणत्यांनीच करावं असं लिहिलं. इथवर फारसं दुमत नाही.

खरी गुंतागुंत परतीची. मिश्नाच्या काळी शब्बाथला आपल्या जागेपासून दोन हजार हातांपलीकडे, म्हणजे साधारण किलोमीटरभरापलीकडे, जाता येत नसे. मग लांबच्या गावी बाळंतपणाला गेलेली सुईण, किंवा आगीतून, पुरातून माणसं काढायला धावलेले लोक, यांनी काम झाल्यावर दिवसभर तिथेच खोळंबून राहायचं? थोरल्या रब्बान गम्लिएल या धर्माचार्याने त्यांना त्या गावचेच रहिवासी धरून हिंडण्याची मुभा दिली. दुसरीकडे मिश्ना असंही म्हणते की सुटकेसाठी गेलेल्या सगळ्यांनी आपापल्या ठिकाणी परतावं. या दोन वाक्यांचा मेळ घालता घालता तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ, एक प्रसंग सांगतो. लढून आलेले लोक शब्बाथला शस्त्रं वाहून न्यायला नकोत म्हणून ती वेशीजवळच्या पहिल्या घरात टाकून घरी जात. एकदा शत्रूने हे ओळखलं आणि पाठलाग केला. शस्त्रं घ्यायला सगळे एकदमच त्या घरात घुसले, आणि त्या रेटारेटीत शत्रूने मारली त्याहून जास्त माणसं आपल्याच लोकांच्या हातून मेली. तेव्हापासून शस्त्रांसह परतायची परवानगी मिळाली.

आता ही परवानगी कशासाठी होती? वाट शत्रूने भरलेली होती म्हणून, की परतणं अडवलं तर पुढच्या वेळी कुणी निघणारच नाही म्हणून? मायमोनिडीसने कारण दिलं ते दुसरं: पुढे ते अडखळू नयेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या धार्मिक वस्त्यांतून स्वयंसेवकांच्या ॲम्ब्युलन्स सेवा उभ्या राहिल्या, तेव्हा हाच धागा पकडून तिथल्या एका थोर रब्बींनी निर्णय दिला: रुग्ण पोचवल्यावर स्वयंसेवकाने गाडी चालवत घरी यावं. बायकोपोरं जेवणाच्या टेबलाशी सोडून शनिवार रात्रीपर्यंत हॉस्पिटलच्या बाकावर अडकायचं असेल, तर पुढच्या शुक्रवारी फोन वाजल्यावर त्याचा पाय जड होईल.

जेरुसलेममधल्या तेवढ्याच अधिकाराच्या रब्बींना हे पटलं नाही. त्यांच्या मते अशी सूट रब्बींनी घातलेल्या बंधनांपुरती. गाडीचं इंजिन म्हणजे अग्नी पेटवणं, ती मनाई थेट तोराची, म्हणजे मूळ धर्मग्रंथाची. परधर्मीय ड्रायव्हर शोधा. तर्क म्हणून भूमिका भक्कम आहे, पण शब्बाथच्या रात्री ज्यू वस्तीत असा ड्रायव्हर मिळणं सोपं नाही, आणि शस्त्रं वाहून नेण्याची बंदीही काही किरकोळ मानली जात नव्हती. गाडीच पुढच्या कॉलसाठी नाक्यावर हवी असेल तर परतफेरीही जीवरक्षणातच मोडते. म्हणून पगारी ॲम्ब्युलन्सवाल्यापेक्षा स्वतःच्या गाडीने आलेल्या स्वयंसेवकाला हा वाद जास्त चावतो.

अशी नोकरी मुळात धरावी का, याचा आधार बोटीच्या नियमात शोधला जातो. शब्बाथच्या आधीच्या तीन दिवसांत लांबच्या समुद्रप्रवासाला निघू नये असं तालमूद सांगतो. बाराव्या शतकातल्या प्रोव्हान्समधल्या एका भाष्यकाराचं स्पष्टीकरण असं की पुढे जीव वाचवायला शब्बाथ मोडावा लागणार हे ठाऊक असून त्यात पाऊल टाकणं बरं नाही. पुण्यकामाला मात्र सूट आहे. रुग्णसेवा पुण्यकाम, हे बहुतेकांना मान्य. पण सहकाऱ्याशी पाळी बदलता येत असताना शनिवारची ड्यूटी घेणं अनेकांना नामंजूर. अमेरिकेत काही हॉस्पिटलांनी निवासी डॉक्टरांना शनिवार सोडून पाळ्या देण्याची सोय केली ती यातूनच. कोकणातल्या बेने इस्रायली शनवार तेल्यांना, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यू तेल्यांना, हा पेच नव्हता, घाणा त्यांचा स्वतःचा. त्यांच्यातले जे मुंबई इलाख्याच्या पलटणींत गेले, त्यांची पाळी मात्र सरकार लावी.

1948 नंतर इस्रायलमध्ये पोलीसच ज्यू, आगीचा बंबवालाही ज्यू. पाळी बदलायला दुसरं कुणी उरलं नाही. 1951च्या कायद्याने ज्यूंची साप्ताहिक सुट्टी शब्बाथला ठरवली आणि अत्यावश्यक कामांना परवान्याची वाट ठेवली, पण पोलिसाने साध्या चोरीसाठी जीप काढावी का, हे कायदा सांगू शकत नव्हता. तिथे तालमूदातला आणखी एक नियम कामी आला: सीमेवरच्या गावावर शत्रू नुसत्या पेंढ्यासाठी चालून आला तरी शस्त्र घेऊन निघावं. पोलीस शनिवारी येत नाहीत हे चोरांना कळलं तर गावच सीमेवर आल्यासारखं होईल, असा त्याचा अर्थ लावला गेला. गस्त अशी नियमात बसली, लेखणी बसेना. टिकाऊ लिखाणाला तोराची मनाई असल्याने काही दिवसांत उडून जाणाऱ्या शाईचं पेन तयार झालं. शब्बाथ सरल्यावर कागदाची प्रत काढून घ्यायची. डॉक्टरांसाठी ते मान्य करणारे काही रब्बी ठाण्यातल्या किरकोळ तक्रारीसाठी ते हातात धरू देत नाहीत.